वेरूळची भांग आणि अजिंठ्याचा तूस : जुन्या गिलाव्याची तपासणी कशी होते?

‘वेरूळची लेणी भांगेमुळे टिकली’ हा मेसेज दर काही महिन्यांनी मोबाईलवर फिरून येतो. त्याच्याखाली हसरे चेहरे, एखादं ‘हर हर महादेव’ आणि ‘आता कळलं, आजोबा शंभरी कसे गाठायचे’ अशी एखादी कोपरखळी ठरलेली. बातमी सपशेल खोटी नाही. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. लेखक दोघे : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत काम केलेले राजदेव सिंग आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले सरदेसाई. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडल्याचं त्यांनी त्यात दाखवलं होतं.

मेसेजमध्ये दोन गोष्टी गळतात. एक तर, लेणी बेसॉल्टच्या कातळात कोरलेली आहेत, ती भांगेशिवायही उभी राहिली असती. बोलायचं ते कातळावर लिंपलेल्या गिलाव्याबद्दल. दुसरं, बाराशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या ढेकळात अडकलेली वाळकी काडी भांगेची आहे, अंबाडीची नाही, हे ओळखलं कसं? खरी गंमत त्या ओळखण्यात आहे.

### आधी भिंत समजून घेऊ

अजिंठ्याला आपण पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र पाहतो, म्हणजे नेमकं काय पाहतो? वरचा रंग. तो बहुतेक ठिकाणी पोस्टकार्डाच्या जाडीचाही नसतो. त्याच्याखाली चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पातळ हात असतो. त्याखाली बारीक मातीचा गुळगुळीत थर आणि त्याखाली भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू कालवलेला मातीचा जाड थर. सगळ्यात मागे कातळ. छिन्नीच्या घावांनी तो मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, म्हणजे माती धरून राहते.

मराठवाड्यात ज्यांनी माळवदाचं घर पाहिलंय त्यांना हे नवीन नाही. मातीत भुस्सा कालवून ती चार दिवस कुजवायची, पायाने तुडवायची आणि मग भिंत लिंपायची. भुस्सा नसेल तर माती वाळताना तडकते. अजिंठ्याच्या कारागिरांना हेच ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते छतावरही करून दाखवलं.

दोन शब्द इथेच समजून घेऊ. रंग देणारी पूड म्हणजे रंगद्रव्य. ती पूड भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ (डिंक, सरस, चुना असं काही) म्हणजे बंधक. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावला तर चुना स्वतःच बंधकाचं काम करतो. युरोपातल्या फ्रेस्को चित्रांची ही रीत. अजिंठ्याची चित्रं तशी नाहीत, जरी पुस्तकांपासून पाट्यांपर्यंत सगळीकडे त्यांना फ्रेस्को म्हटलं जातं. तिथे रंग कोरड्या पृष्ठभागावर, बंधकात कालवून लावले आहेत. मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकातच तपासणी करून हे मांडलं होतं. हा फरक पंडितांपुरता नाही. कोरड्यावर लावलेला रंग ओल्या फडक्याने पुसला तर फडक्याबरोबर निघून येतो.

### ‘पण ते तर वनस्पतींचे रंग ना?’

लेण्यात गेलात की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पानाफुलांचे रंग, तरी दीड हजार वर्षं टिकले! ऐकायला छान आहे, पण पानाफुलांचे रंग उजेडात उडतात. पळसाच्या फुलांत रंगवलेला सदरा दोन उन्हाळ्यांत कसा होतो ते आठवा. अजिंठ्याचे रंग टिकले, कारण ते प्रामुख्याने मातीचे आणि दगडांचे आहेत.

तांबडा म्हणजे गेरू. त्यातलं खनिज हेमेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. पिवळा म्हणजे पिवळी माती, खनिज गोएथाइट. तेही लोहाचंच, फक्त रचनेत पाणी बांधलेलं. पांढऱ्यासाठी चुना, केओलिन (एक पांढरी चिकणमाती), जिप्सम. काळा म्हणजे दिव्याची काजळी. ती तेलातून आली म्हणून तिला वनस्पतिजन्य म्हणायचं तर खुशाल म्हणा.

हिरव्याकडे मात्र जरा थांबायला हवं. ही हिरवी माती आपल्याच दगडातली. दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी जी छिद्रं राहिली, त्यांच्या आतून सेलॅडोनाइट नावाच्या हिरव्या खनिजाचा थर बसतो. सोयगाव-कन्नडकडच्या घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या दगडात हिरवी पुटं दिसतात, ती बहुतेक वेळा हीच. चित्रकाराला रंग शोधायला डोंगराबाहेर जायची गरज नव्हती.

याला मोठा अपवाद निळ्याचा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत जो गडद निळा दिसतो, तो लाजवर्द या दगडाची पूड आहे. लाजवर्द महाराष्ट्रात होत नाही. त्या काळी तो यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. म्हणजे वाघुर नदीकाठच्या त्या दरीत, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, हिंदुकुश पर्वतातला दगड पोचत होता. सातवाहन काळातल्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांत तो नाही. दोन थरांमधला हा फरक व्यापाराबद्दल एखाद्या ताम्रपटाइतकं सांगून जातो.

### यंत्रं नेमकं काय पाहतात

इथे बऱ्याच लेखांत आद्याक्षरांचा पाऊस पडतो. आपण चार यंत्रांपुरतं बोलू.

पहिलं एक्सआरएफ. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतं. त्यावरून कळतं की इथे लोह आहे, कॅल्शियम आहे, तांबं नाही. हातात धरायचं यंत्र मिळतं, भिंतीला हातही लावावा लागत नाही. दोष असा की किरण आत घुसतात, त्यामुळे वरच्या रंगातलं लोह आणि मागच्या मातीतलं लोह यांची सरमिसळ होते. आपल्याकडे तर मातीही लोहाची आणि कातळही लोहाचा!

दुसरं एक्सआरडी. हेही क्ष-किरणांचंच, पण हे मूलद्रव्य मोजत नाही, स्फटिकातली अणूंची मांडणी पाहतं. घरात बेसन किती आहे हे एक्सआरएफ सांगेल. त्याचं पिठलं झालंय, झुणका झालाय की भजी, हे एक्सआरडी सांगेल. कॅल्शियम चुनखडीत असतं आणि जिप्सममध्येही. पण भिंतीवरचा पांढरा मुळातला चुना आहे की ओलीमुळे नंतर तयार झालेलं जिप्सम, हे मांडणी पाहिल्याशिवाय कळत नाही. दुरुस्ती करणाऱ्यासाठी याच उत्तराला किंमत असते.

तिसरं रामन. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलं की पदार्थावर आदळून परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग आपला रंग किंचित बदलतो आणि तो किती बदलतो हे त्या पदार्थाच्या रेणूंवर ठरतं. आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो तो याच शोधाचा. लेसरचा ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान करता येतो, त्यामुळे रंगाचा एकेक कण वेगळा विचारता येतो : तू गेरू की काजळी की लाजवर्द?

चौथं एफटीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांची तपासणी. सरस, डिंक, लाख, प्लास्टिकचे लेप असे सेंद्रिय पदार्थ शोधायला ते उपयोगी. भिंतीवर नंतर कुणी काय फासलं, हे बरेचदा तेच उघड करतं.

पण या सगळ्यांच्या आधी एक जुनी, बिनभपक्याची पद्धत असते आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त तीच सांगते. गिलाव्याची नखाएवढीही नाही अशी खपली पारदर्शक राळेत गोठवायची, आडवी कापायची, घासून चकचकीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. खाली करडी जाडीभरडी माती, तिच्यात तुसाची पोकळ होडी, वर बारीक माती, मग पांढरी रेघ, मग रंग. रंगाचा कण पांढऱ्या थरात रुतलेला दिसला तर फ्रेस्को, वेगळा वर बसलेला दिसला तर नाही. मध्येच काजळीची काळी रेघ सापडली तर समजायचं की चित्र एकदा धुराने काळवंडलं आणि मग कुणीतरी पुन्हा रंगवलं.

### चुन्याचं गणित

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना राहतो. १०० किलो शुद्ध चुनखडीचे ५६ किलो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो आणि त्याचं मऊ, पांढरंशुभ्र लोणी होतं. हे लोणी भिंतीवर लावलं की ते हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतं आणि पुन्हा चुनखडी बनतं.

हे गणित प्रयोगशाळेत उलटं चालवतात. १० मिलिग्रॅम गिलावा हळूहळू तापवायचा आणि वजन पाहत राहायचं. १२० अंशांपर्यंत नुसती ओल जाते. पुढे ६०० पर्यंत चिकणमातीत आणि तत्सम संयुगांत बांधलेलं पाणी जातं. त्यापुढे जे घटतं तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. या शेवटच्या टप्प्यात २.२ मिलिग्रॅम कमी झाले तर हिशेबाने नमुन्यात ५ मिलिग्रॅम, म्हणजे निम्मा, चुना.

मधल्या टप्प्यातलं पाणी वाजवीपेक्षा जास्त निघालं तर कान टवकारायचे. तो चुना बहुधा पाण्यात घट्ट होणाऱ्या जातीचा असतो. मराठवाड्यात चुनखडीचे डोंगर नाहीत. इथे चुना यायचा तो काळ्या मातीखाली आणि नदीकाठी सापडणाऱ्या खड्यांपासून. या खड्यांत मातीचा अंश असतो, त्यामुळे भाजल्यावर मिळणारा चुना हवेची वाट न पाहता ओलीतही आवळतो. वर विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की आणखी घट्ट. नळदुर्गला बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल १६१३ च्या सुमारास बांधला गेला आणि पावसाळ्यात आजही डोक्यावरून पाणी झेलतो. नुसत्या हवेवर घट्ट होणाऱ्या चुन्याचं ते काम नाही.

### आता भांग

तर परत वेरूळला. १२ क्रमांकाचं लेणं म्हणजे ‘तीन ताल’, तीन मजल्यांचा आठव्या शतकाच्या आसपासचा बौद्ध विहार. तिथल्या गिलाव्यातले वनस्पतींचे तुकडे वेगळे करून अभ्यासकांनी ते साध्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, एफटीआयआर केलं आणि ताज्या झाडांशी पडताळले. त्यासाठी झाडं आणली ती जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या वेशीवरून. मिश्रणात भांगेचा वाटा साधारण १० टक्के असल्याचं त्यांनी सांगितलं.

ओळख पटवणं सोपं नाही. भांग, ताग, अंबाडी या तिघांचा वाख वरवर पाहता सारखाच. फरक दिसतो तो आत : तंतूमधली पोकळी किती मोठी आणि किती वेडीवाकडी, भिंतीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) किती. ताग-अंबाडीत ते जास्त असतं, म्हणून अवरक्त तपासणीत त्याची खूण ठळक येते. भांगेच्या पानावर आणखी एक खासियत असते. तिथली काही लव नखीसारखी वाकलेली असून तिच्या बुडाशी चुन्याचा कण असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ अशाच खुणा शोधतात.

इथपर्यंत पुरावा पक्का. पुढची उडी मात्र जपून मारायला हवी. अभ्यासकांचं म्हणणं असं की वेरूळच्या या गिलाव्याला कीड लागली नाही ती भांगेमुळे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किडीने चित्रांचं मोठं नुकसान केलं. तर्क पटण्यासारखा आहे. तुसात थोडा पिष्टमय अंश राहिला तर किडीला मेजवानी, भांगेचा तंतू मात्र चिवट आणि बेचव. शिवाय हा तंतू ओल शोषतो आणि परत सोडतो. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकाअखेरीपासून भांगेचे तुकडे आणि चुना यांची बांधकामं होत आहेत ती याच गुणांमुळे.

पण दोन्ही ठिकाणांत फक्त भांगेचाच फरक आहे का? अजिंठा नालेच्या आकाराच्या दमट दरीत, खाली नदी, कातळाच्या फटींतून पावसाळाभर झिरपणारं पाणी. वेरूळ मोकळ्या उतारावर. माती वेगळी, वटवाघळांचा त्रास वेगळा, माणसांचा राबता वेगळा. म्हणून ‘भांग होती’ हे मी बिनदिक्कत सांगेन. ‘भांगेमुळेच टिकलं’ यातला ‘च’ मात्र मागे घेईन. आणि टिकलं म्हणजे तरी किती? कैलास लेणं कधीकाळी पांढऱ्या गिलाव्याने आणि रंगांनी झाकलेलं होतं, म्हणून त्याला रंगमहाल म्हणत. आज त्याचे फक्त तुरळक तुकडे उरलेत.

बाकी, भिंतीच्या तंतूत नशा नसते. ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांच्या माहितीसाठी.

### गूळ, उडीद, बेलफळ : यात तथ्य किती?

बीबी का मकबऱ्यासारख्या इमारतींबद्दल हे नेहमी बोललं जातं. दख्खनचा हा मकबरा १६६० च्या सुमारास पुरा झाला. त्यात संगमरवर मोजक्याच जागी आहे, बाकीचा शुभ्रपणा गिलाव्याचा. चुना महिनोन्‌महिने मुरवायचा, घाण्यावर बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली दळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ, हिरड्याचा काढा, डिंक घालायचा, ही कारागिरांची परंपरा खरी आहे आणि दुरुस्तीत आजही वापरली जाते.

शास्त्रही तिच्या विरोधात नाही. साखरेमुळे चुना कमी पाण्यात मऊ होतो आणि सावकाश आवळतो. उडदातली प्रथिनं आणि चिकटपणा बारीक हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. तेल घातलं तर पाणी आत सहज शिरत नाही.

अडचण वेगळी आहे. गूळ पाण्यात विरघळतो, प्रथिनं जंतू खातात. साडेतीनशे वर्षांनी त्यांचा जो पुसट माग राहतो तो शोधायला फार नाजूक तपासण्या लागतात आणि गेल्या शतकातल्या दुरुस्तीत कुणी गूळ घातला असेल तर त्याचाही माग तसाच दिसतो. तेव्हा ‘या किल्ल्यात उडीद-गूळ आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तपासून सांगतोय की ऐकून, एवढं विचारायला हरकत नाही. बहुतेकदा ऐकूनच असतं.

### ‘तपासणीसाठी चित्राचा तुकडा काढता, हे नुकसान नाही का?’

आहे, म्हणूनच क्रम ठरलेला असतो. आधी नुसता प्रकाश : तिरपा टाकला की फुगवटे आणि पोपडे दिसतात, अतिनील टाकला की नंतरचे लेप आणि डागडुजी चमकून उठते. मग हातातली यंत्रं. नमुना घ्यायचाच झाला तर चित्र जिथे आधीच तुटलंय त्या काठावरून, टाचणीच्या टोकाएवढा आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने. चेहऱ्यावरून, डोळ्यावरून कुणी घेत नाही. पुष्कळदा तर खाली पडलेल्या तुकड्यांवरच काम भागतं.

### वय कळतं का?

तुसावरून कळतं. भाताचा तूस एका हंगामाचा, त्यामुळे कार्बन-१४ पद्धतीसाठी (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची रीत) तो लाकडापेक्षा बरा. लाकूड शंभर वर्षं आधीचं असू शकतं. चुन्याचंही वय काढता येतं, कारण तो घट्ट होताना त्या वेळच्या हवेतला कार्बन आत घेतो. भट्टीत कच्चा राहिलेला चुनखडीचा खडा नमुन्यात आला की मात्र वय भलतंच मागे जातं.

तरी या पद्धतीकडून वाटेल ते मागू नये. अजिंठ्याचा दुसरा बहर साधारण इ.स. ४६२ ते ४८० एवढ्या थोडक्या काळातच झाला, असं वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाचं मत होतं. त्यावर अजून वाद आहे. कार्बन-१४ मधली दशकांची चूक या वीस वर्षांत मावत नाही. तिथे शिलालेख आणि शैलीच कामी येतात.

नंतरचं काम पकडायला रंग जास्त उपयोगी. भिंतीवर टायटॅनियमचा पांढरा रंग सापडला तर तो हात गेल्या शंभरेक वर्षांतला, कारण हा रंग १९२० च्या दशकाच्या सुमारास बाजारात आला. निळ्याची तर अधिकच मजा. चुन्यात घालायला आपण दुकानातून जी नीळ आणायचो ती आणि लाजवर्द रसायन म्हणून जवळजवळ एकच. कृत्रिम निळीची कृती १८२८ पर्यंत फ्रान्समध्ये सापडली. दगडाच्या लाजवर्दात इतर खनिजांची कणी असते आणि दाणे ओबडधोबड असतात. कारखान्याच्या निळीचे दाणे बारीक, गोल आणि एकसारखे. देवळाच्या भिंतीवरचा ‘प्राचीन’ निळा यादव काळातला की पणजोबांच्या काळातला, हे सूक्ष्मदर्शक एका बैठकीत सांगतो.

### एवढं कळून करायचं काय?

दुरुस्ती. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं पहिलं कारण हेच आहे, इतिहास त्यानंतर.

१९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने अजिंठ्यासाठी इटलीहून लॉरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा कातळाला पुन्हा चिकटवला, आज जे आहे त्यातलं बरंच त्यामुळे वाचलं. पण रंगांवर लाखेचा लेपही दिला गेला. तेव्हा चित्रं खुलली. पुढे लेप पिवळा-तपकिरी पडला, धूळ आणि काजळी धरू लागला, आकसताना रंगाचे पोपडे ओढू लागला. तो काढायला गेलं तर आणखी पेच : ताजी लाख स्पिरिटमध्ये विरघळते, जुनी हट्टी होते. तिच्यावर नंतर कुणी प्लास्टिकचा लेप दिला असेल तर त्याला वेगळा द्रव लागतो. आणि खालचा बंधक पाण्याला भितो. म्हणून प्रत्येक वीतभर जागेत आधी कोणता लेप आहे हे ओळखायचं आणि मगच कापसाचा बोळा हातात घ्यायचा.

गिलाव्याचंही तसंच. अजिंठ्याच्या मातीची चाळणी केली तेव्हा तिच्यात बारीक गाळ भरपूर आणि खरी चिकणमाती कमी निघाली. आता कुणी सुटलेल्या भागामागे शेतातली काळी माती भरली तर? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दीड हजार वर्षांचा रंग त्या ओढाताणीत चार ऋतू तरी निघेल का?

सिमेंटचं दुखणं आणखी मोठं. ‘चुन्यापेक्षा सिमेंट मजबूत, मग तेच का वापरू नये?’ हा प्रश्न प्रत्येक गावातल्या जीर्णोद्धार समितीत विचारला जातो आणि प्रश्न रास्त आहे. सिमेंट मजबूत आहेच. तीच अडचण आहे. जुनी भिंत उन्हापावसात थोडी हलते, चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट अडून बसतं आणि तडा जातो तो शेजारच्या जुन्या कामाला. दुसरं म्हणजे वाफ. भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने वाट अडवली की ओल बाजूच्या जुन्या गिलाव्यातून किंवा दगडातून निघते, जाताना सिमेंटमधले क्षार घेऊन जाते आणि ते पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात. मग दगडाची पूड हाताला लागते. सिमेंटचा पट्टा मात्र ठणठणीत उभा आणि समिती म्हणते, बघा, आमचं काम टिकलं!

हेमाडपंती देवळांना चकचकीत ऑइलपेंट फासण्याने नेमकं हेच होतं. वर, कोरीव कामाच्या खोबणीत जुन्या रंगाचे जे चार कण उरलेले असतात, तेही पेंटसोबत किंवा पुढे तो काढायच्या वाळूच्या फवाऱ्यासोबत कायमचे जातात.

### ‘आमच्या गावच्या गढीला एवढी यंत्रं कोण लावणार?’

लावू नका. पुष्कळशी माहिती यंत्राशिवाय मिळते. एक इशारा आधी : संरक्षित स्मारक असेल तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली किंवा राज्याच्या कायद्याखाली त्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. हे सांगतोय ते गावच्या गढीसाठी, वाड्यासाठी, बारवेसाठी, तेही आपोआप गळून पडलेल्या तुकड्यावर.

तुकड्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे, नाही तर बहुधा निव्वळ माती. मातीचा तुकडा असेल तर कुस्करून काचेच्या बरणीत पाण्यात टाका, खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर पट्टीने मोजले की मातीचं ढोबळ प्रमाण हातात येतं. वर तरंगून आलेला तूस, काड्या, केस वाळवून भिंगाखाली पाहा. चुन्याच्या तुकड्यात तांबूस कण असतील तर ती सुरखी.

गिलावा भिंतीवर असेल तर बोटाने हलकेच टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर मागून सुटलाय, तिथे हातोडी लावायची नाही.

आणि दुरुस्तीच्या आदल्या दिवशी मजूर जो राडारोडा ट्रॉलीत भरून नेतात, त्यातले मूठभर तुकडे बाजूला काढा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते आणि बुरशी येते. कागदी पाकिटात भरा आणि वर पेन्सिलीने लिहा : कोणती भिंत, जमिनीपासून किती उंच, आतली बाजू की बाहेरची, तारीख. विद्यापीठातला रसायनशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा एखादा विद्यार्थी नमुन्याच्या शोधात असतोच. पाकिटावर जागा लिहिलेली नसेल तर तो तुकडा त्याच्याही काही कामाचा नाही.